कात्री आंधळी, डोळस एकच: पेशीतल्या साखरेच्या छाटणीविषयी

अमळनेरहून एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "मॅडम, ग्लायकोप्रोटीनवर, म्हणजे साखर लागलेल्या प्रथिनावर, पेशी आधी १४ शर्करांची माळ लावते, त्यातले तीन ग्लुकोज लगेच तोडते आणि कधी कधी एक परत चिकटवते. ही उधळपट्टी कशाला? प्रथिनाची घडी नीट बसली की नाही हे ग्लुकोसिडेझला कळतं तरी कसं? पुस्तकात 'ट्रिमिंग होते' एवढीच ओळ आहे. आणि एंडो एच (साखर कापणारा एन्झाइम) टाकल्यावर जेलवरचा बँड खाली आला, म्हणजे प्रथिन ईआरमध्ये (प्रथिनांची घडी बसते त्या कप्प्यात) अडकलं, असं प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलं तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळी गोची तिथेच आहे. ग्लुकोसिडेझला, म्हणजे ग्लुकोज तोडणाऱ्या एन्झाइमला, काही कळत नाही. अजिबात नाही. त्याच्यासमोर ग्लुकोज आलं की तो तोडतो. खालच्या प्रथिनाची घडी बसली आहे की त्याचा बोळा झाला आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वर्गात मी हे सांगितलं की मुलं दचकतात, कारण 'क्वालिटी कंट्रोल' हा शब्द ऐकल्यावर प्रत्येक एन्झाइम म्हणजे एकेक इन्स्पेक्टर असं चित्र डोक्यात तयार झालेलं असतं. खरं तर या सगळ्या रांगेत प्रथिनाकडे बघणारा एकच आहे. बाकीचे फक्त साखर बघतात. हे एकदा नीट बसलं की उधळपट्टीच्या प्रश्नाचंही उत्तर आपोआप सापडतं.

आता माळेकडे ये. ईआर म्हणजे आपल्या मराठी पुस्तकातली आंतर्द्रव्यजालिका. तिच्या पटलात डॉलिकॉल नावाची लांबलचक चरबीसारखी दोरी असते आणि तिच्यावर माळ ओवली जाते. पहिले दोन एन-असिटाइलग्लुकोसामाइन आणि पाच मॅनोज या शर्करा बाहेरच्या, म्हणजे सायटोसोलच्या (पेशीद्रवाच्या) बाजूला लागतात. मग अख्खी अर्धवट माळ पटलातून उलटून आत जाते आणि आतल्या बाजूला आणखी चार मॅनोज व तीन ग्लुकोज लागतात. झाले १४. वजन काढून बघ: हेक्सोजचा (म्हणजे ग्लुकोज किंवा मॅनोजचा) एक घटक १६२ डाल्टन, असे १२, असिटाइलग्लुकोसामाइनचा २०३, असे दोन. एकूण साधारण २३५० डाल्टन. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव, प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणारं (हलकं तितकं खाली) जेल वाचताना लागेल.

प्रथिनाची साखळी रायबोसोममधून अजून बाहेर येत असते, तेवढ्यातच ऑलिगोसॅकरिल ट्रान्स्फरेझ नावाचा एन्झाइम ही तयार माळ उचलून अ‍ॅस्पॅराजिनवर ठेवतो. जागा ठरलेली: अ‍ॅस्पॅराजिन, मग प्रोलिन सोडून कोणतंही अमिनो आम्ल, मग सेरिन किंवा थ्रिओनिन. माळेला तीन फांद्या असतात, ए, बी आणि सी. तिन्ही ग्लुकोज ए फांदीच्या टोकाला, एकामागे एक.

तीनच का, हे पुस्तकात सहसा लिहीत नाहीत. या तिघांची कामं वेगवेगळी आहेत. सगळ्यात टोकाचं ग्लुकोज म्हणजे 'माळ पूर्ण झाली' असा शिक्का. ट्रान्स्फरेझ पूर्ण माळेला पसंती देतो. अर्धवट माळ त्याला तितकीशी पटत नाही, म्हणून ती प्रथिनावर कमी बसते. एकदा माळ प्रथिनावर बसली की शिक्क्याचं काम संपलं. मग ग्लुकोसिडेझ १ येतो आणि ते टोकाचं ग्लुकोज उडवतो, बऱ्याचदा प्रथिन पूर्ण तयारही झालेलं नसतं तेव्हाच. पाठोपाठ ग्लुकोसिडेझ २ येऊन मधलं ग्लुकोज तोडतो. आता फक्त एक ग्लुकोज उरतं आणि सगळी मजा या एकात आहे.

एक ग्लुकोज असलेली माळ कॅलनेक्सिन आणि कॅलरेटिक्युलिन या दोन सांभाळणाऱ्या प्रथिनांना धरता येते. दोन ग्लुकोजची माळ त्यांच्या खोबणीत बसत नाही, आणि ग्लुकोज नसलेली तर नाहीच नाही. कॅलनेक्सिन पटलात रोवलेला, कॅलरेटिक्युलिन आत मोकळा फिरणारा. काम दोघांचं सारखंच. त्यांनी प्रथिनाला धरून ठेवलं की ते शेजारच्या अर्धवट प्रथिनांना जाऊन चिकटत नाही, त्याचा गोळा होत नाही. शिवाय त्यांच्या लांब हातासारख्या भागाला ईआरपी५७ नावाचा सोबती लटकलेला असतो. तो सिस्टीनांमधले डायसल्फाइड बंध जुळवतो, चुकीचे असतील तर सोडवून परत जुळवतो.

थोड्या वेळाने पकड सुटते. सुटलेल्या क्षणी ग्लुकोसिडेझ २ ते शेवटचं ग्लुकोजही तोडतो. इथेच मुलं चुकतात. उत्तरपत्रिकेत हमखास लिहिलेलं असतं, "घडी पूर्ण झाल्यावर ग्लुकोसिडेझ २ तिसरे ग्लुकोज काढतो." चूक. घडी झाली असो वा नसो, तो काढतोच. काढून झालं की प्रथिन कुणाच्याच हातात नसतं आणि तेव्हा डोळस एन्झाइमची गाठ पडते.

त्याचं लांबलचक नाव यूडीपी-ग्लुकोज: ग्लायकोप्रोटीन ग्लुकोसिलट्रान्स्फरेझ. सगळे यूजीजीटी म्हणतात. हा कात्री नाही, चिकटवणारा आहे. घडी बिघडलेलं प्रथिन दिसलं की त्याच्या माळेवर एक ग्लुकोज परत लावतो. घडी बसलेली असेल तर हात लावत नाही. ग्लुकोज परत लागलं की प्रथिन पुन्हा कॅलनेक्सिनच्या हातात, पुन्हा सुटका, पुन्हा कात्री, पुन्हा तपासणी. घडी बसेपर्यंत फेऱ्या चालू.

म्हणजे ग्लुकोज तोडणं ही उधळपट्टी नसून पाटी पुसणं आहे. पाटी पुसली नाही तर त्यावर नवा शेरा लिहिणार कसा? आंधळ्या कात्रीने प्रत्येकाची पाटी कोरी करायची आणि डोळस माणसाने फक्त नापासांच्या पाटीवर खूण करायची, अशी ही व्यवस्था. बाकी सगळ्या यंत्रणेला मग प्रथिन बघायची गरजच उरत नाही. ती खूण वाचते. पेशीत हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात, प्रत्येकाची घडी वेगळी. प्रत्येकासाठी वेगळा तपासनीस ठेवायचा तर पेशी दिवाळखोरीत निघेल. खर्च म्हणशील तर एका फेरीला एक यूडीपी-ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पुरवणारा एक रेणू. बिघडलेलं प्रथिन बाहेर जाण्यापेक्षा हे स्वस्तच.

यूजीजीटी नेमकं काय बघतो? भरताचं वांगं घेताना आपण ते चिरून बघत नाही, हातात तोलतो, अंगठ्याने दाबतो. भालोद-बामणोदकडची मंडळी तर नुसतं हातात घेऊन सांगतात. तसंच काहीसं. नीट घडी बसलेल्या प्रथिनात पाण्याला नावडणारी अमिनो आम्लं आत दडलेली असतात. ती बाहेर उघडी पडलेली दिसली की यूजीजीटीला संशय येतो. गंमत अशी की पार उलगडून सुताचा गुंता झालेलं प्रथिन त्याला फारसं रुचत नाही. जवळजवळ बसलेली पण कुठेतरी ढिली राहिलेली घडी तो चांगली पकडतो. म्हणजे ज्याची अजून आशा आहे, त्यालाच तो परत पाठवतो. शिवाय माळेच्या अगदी मुळाशी असलेलं असिटाइलग्लुकोसामाइन आणि प्रथिनातली खोट, दोन्ही त्याला लागतात. नुसती मोकळी माळ दिली तर तो ढुंकूनही बघत नाही.

ही गोष्ट शोधली कशी, ते मला आजही भारी वाटतं. अर्जेंटिनात लुईस लेलॉयर होते. शर्करा-न्यूक्लिओटाइडच्या कामासाठी १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्याच परंपरेतले आर्मांडो पारोदी. त्यांनी ट्रायपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी घेतला, चागास रोगाचा. या प्राण्याची डॉलिकॉलवरची माळ ग्लुकोजशिवायच असते. मग त्याच्या प्रथिनांवर ग्लुकोज दिसायलाच नको. पण दिसलं! म्हणजे माळ प्रथिनावर बसल्यानंतर कुणीतरी तिथल्या तिथे ग्लुकोज लावत असणार. पुढे १९८९ मध्ये त्यांच्या गटाने थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडमधलं प्रथिन घेऊन दाखवलं की मूळ घडीतल्या प्रथिनावर ग्लुकोज लागत नाही आणि युरियाने बिघडवलेल्यावर लागतं. इतका साधा प्रयोग. त्यानंतर अमेरिकेत येल विद्यापीठात आरी हेलेनियस यांच्या गटाने विषाणूंच्या प्रथिनांवर काम करून १९९४ मध्ये कॅलनेक्सिनचं चक्र मांडलं. दोन खंडांतले दोन धागे तिथे जुळले.

इथे एक टोचून ठेवते: बेकरीतल्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसेस सेरेव्हिसीमध्ये, ही परत ग्लुकोज लावायची सोय नाही. शायझोसॅकरोमायसेस पोम्बेमध्ये आहे. "सर्व युकॅरिओट्समध्ये" असं ठोकून देऊ नकोस, बाहेरचा परीक्षक तिथेच धरतो.

आता खरा अवघड भाग. फेऱ्या किती वेळ चालवायच्या? एखाद्या प्रथिनात जन्मजात खोट असेल, उत्परिवर्तनच असेल, तर त्याची घडी कधीच बसणार नाही. ते कायमचं चक्रात फिरत राहिलं तर ईआर तुंबेल. मराठीत 'घडी' म्हणजे दुमडही आणि वेळही, दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात. घडी बसायला किती घडी द्यायची, हे ठरवतात मॅनोज.

रावेर-यावलकडच्या निर्यातीच्या केळीबागा बघितल्या असशील. निसवण झाली की त्या आठवड्याच्या रंगाची फीत घडाला बांधतात. कटाईला आलेला माणूस फीत बघतो आणि घड किती आठवड्यांचा आहे हे ओळखतो. बागेतल्या प्रत्येक घडाची जन्मतारीख कुणी पाठ करत नाही. पेशीलाही मोजता येत नाही, तिचीही फीतच असते. फरक इतकाच की ही फीत बांधली जात नाही, झिजत जाते. मॅनोज तोडणारे एन्झाइम हळू असतात. ग्लुकोसिडेझ झटपट, मॅनोसिडेझ रेंगाळणारे. या रेंगाळण्यातच वेळेचं मोजमाप आहे. आधी 'ईआर मॅनोसिडेझ १' हा एन्झाइम मधल्या, म्हणजे बी, फांदीचं एक मॅनोज काढतो. पुढे एडेम नावाचं एन्झाइमांचं कुटुंब, एडेम १, २ आणि ३, आणखी छाटणी करतं. जे प्रथिन पटकन घडी बसून गॉल्जीकडे, म्हणजे ईआरनंतरच्या कप्प्याकडे, निघून जातं, त्याच्यावर ही वेळ फारशी येत नाही. जे अडकून राहतं, त्याची माळ बोडकी होत जाते.

बोडकी झाल्यावर दोन गोष्टी होतात. ए फांदीच्या टोकाचं मॅनोज गेलं, तर यूजीजीटीला ग्लुकोज चिकटवायला जागाच उरत नाही, म्हणजे चक्राचं दार बंद. आणि सी फांदीचं टोक तुटलं की आतला एक अल्फा-१,६ जोडणीचा मॅनोज उघडा पडतो. ओएस-९ आणि एक्सटीपी३-बी ही दोन प्रथिनं नेमकी त्यालाच ओळखतात. त्यांनी धरलं की प्रथिन पटलातल्या एचआरडी१ च्या दारात जातं, पटलातून उलट्या दिशेने सायटोसोलमध्ये ओढलं जातं, वर युबिक्विटिन ही 'तोडा' अशी खूण चिकटते, पी९७ ते खेचून काढतो आणि प्रोटिएझोम त्याचे तुकडे करतो. बाहेर पडताना अंगावरची उरलेली माळ एनजीएलवाय१ नावाचा एन्झाइम काढून घेतो. हा एन्झाइम नसलेल्या मुलांचा पहिला रुग्ण २०१२ मध्ये नोंदवला गेला: वाढ खुंटलेली, हालचाली अनियंत्रित, डोळ्यांत पाणी जवळजवळ येतच नाही. प्रत्येक छोट्या कात्रीमागे असं एखादं घर असतं.

ग्लुकोसिडेझच्या बाबतीतही तसंच. ग्लुकोसिडेझ १ च्या जनुकात दोष असलेलं पहिलं बाळ २००० मध्ये वर्णिलं गेलं. ते जेमतेम ७४ दिवस जगलं. मग २०१४ मध्ये दोन भावंडांची गोष्ट प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात अँटिबॉडी फार कमी, तरी विषाणूंचा त्रास अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. त्यांच्या पेशींत एचआयव्ही आणि इन्फ्लुएंझा नीट वाढतच नव्हते. कारण सरळ आहे. वेष्टन असलेल्या या विषाणूंना स्वतःची कात्री नसते, ते आपलीच वापरतात. कोरोनाच्या स्पाइकवर माळेच्या २२ जागा आहेत. सगळ्या भरल्या तर एका साखळीमागे ६६ ग्लुकोज आपल्या ग्लुकोसिडेझने तोडायचे. कात्री बंद, तर त्यांचाही कारखाना बंद.

ही कल्पना औषधवाल्यांना सुचली नसती तरच नवल. ग्लुकोजसारखे दिसणारे, पण तोडता न येणारे रेणू कात्रीत अडकून तिला बंद पाडतात, आणि असे रेणू निसर्गात आधीच आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका चेस्टनटसारख्या झाडाच्या बियांत कॅस्टॅनोस्पर्मिन सापडतं, तुतीत डीऑक्सिनोजिरिमायसिन. आपल्याकडे रेशीम-किड्यांसाठी तुती लावणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे बघून नुसते हसतात. कॅस्टॅनोस्पर्मिनपासून बनवलेलं सेल्गोसिव्हिर सिंगापूरमध्ये डेंग्यूच्या ५० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१४ मध्ये निकाल आला: औषध सुरक्षित, पण विषाणूचं प्रमाण आणि ताप लक्षणीय कमी झाले नाहीत. पावसाळा संपता संपता जळगावात डेंग्यूचे रुग्ण वाढले की मला दरवर्षी हा निकाल आठवतो. माझं मत विचारशील तर कल्पना मेलेली नाही. डेंग्यूत ताप येऊन माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत विषाणूची चढती बाजू बरीचशी उलटून गेलेली असते, ही अडचण मोठी आहे.

आणि हो, मेडिकलमध्ये मधुमेहासाठी मिळणारी अकार्बोज, व्होग्लिबोज ही 'अल्फा-ग्लुकोसिडेझ इनहिबिटर' औषधं वेगळी. ती आतड्यातल्या एन्झाइमांवर काम करतात आणि बहुतांशी आतड्यातच राहतात. नाव एकच असल्याने दरवर्षी दोन-चार पेपरांत सरमिसळ सापडते.

आता तुझ्या वहीचा प्रश्न. "बँड खाली आला म्हणजे ईआरमध्ये अडकलं", असं सरळ लिहू नकोस. एंडो एच काय करतो ते आधी बघ. मुळाशी असलेल्या दोन असिटाइलग्लुकोसामाइनच्या मधोमध तो कापतो, पण माळ मॅनोजने भरलेली असेल तरच. गॉल्जीत पुढची छाटणी होऊन वर नव्या शर्करा लागल्या की त्याचं काही चालत नाही. म्हणून एंडो एचने कापलं गेलं याचा अर्थ इतकाच की माळ गॉल्जीच्या मधल्या कप्प्यांत बदललेली नाही. प्रथिन ईआरमध्ये असेल, गॉल्जीच्या दारात असेल, किंवा पूर्ण प्रवास करून बाहेरही आलं असेल. गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्यूक्लिएझ बी हे त्याचं ठसठशीत उदाहरण. बाहेर स्रवलेलं प्रथिन, एकच माळ, तिच्यावर पाच ते नऊ मॅनोज, आणि एंडो एच त्याला बिनदिक्कत कापतो. ते काही कुठे अडकलेलं नाही. पल्स-चेस कर (म्हणजे थोडा वेळ नवी प्रथिनं खूण लावून मग त्यांचा माग काढ), वेळेनुसार बँड बघ, मगच 'अडकलं' हा शब्द वापर.

ग्लुकोजची छाटणी जेलवर बघायची असेल तर आधी हिशोब कर. तीन ग्लुकोज म्हणजे ४८६ डाल्टन. एकच माळ असलेल्या प्रथिनात अर्ध्या किलोडाल्टनचा फरक साध्या जेलवर डोळ्यांना दिसणं कठीण. इन्फ्लुएंझाच्या हिमॅग्लुटिनिनसारखं सात माळांचं प्रथिन घे, मग फरक ३.४ किलोडाल्टन होतो. कॅस्टॅनोस्पर्मिन देऊन कात्री बंद केलेल्या पेशींतला बँड किंचित वर राहिलेला तुला स्पष्ट दिसेल. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि फिल्म अजून ओलीच होती. डेव्हलपरचा वास, लाल दिवा, आणि दोन रेषांमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची फट. एवढ्यासाठी पाच महिने.

त्याच प्रयोगशाळेत त्याआधीचे तीन आठवडे मी एका मूर्खपणात घालवले होते. तुलनेसाठी पीएनगेझ एफ वापरत होते. हा एन्झाइम एन-जोडणीच्या जवळपास सगळ्या माळा मुळासकट उपटतो. एंडो एचच्या नळीत बँड खाली येई, पीएनगेझ एफच्या नळीत जैसे थे. मी दोन-तीन थिअरी मांडून बसले, माझ्या प्रथिनावर काहीतरी अजब माळ आहे म्हणून. आमच्याकडे भडगावचा एक टेक्निशियन होता, त्याने नळ्या हातात घेऊन फक्त विचारलं, "हाई काय शे ताई, एनपी-४० कुठंय?" नमुना एसडीएसमध्ये, म्हणजे प्रथिन उलगडणाऱ्या कडक डिटर्जंटमध्ये, उकळलेला होता. एंडो एचला एसडीएसचा फारसा त्रास होत नाही, पीएनगेझ एफ मात्र त्यात मरतो. एनपी-४० हे सौम्य डिटर्जंट घातलं की ते एसडीएसला आपल्यात गुंतवून घेतं आणि एन्झाइम वाचतो. बाटली माझ्या समोरच्या फळीवर होती.

तेव्हा तुझ्या प्रॅक्टिकलला तीन नळ्या लाव: एक बिनएन्झाइमची, एक एंडो एचची, एक पीएनगेझ एफची, आणि तिसरीत एनपी-४० घातलं की नाही ते वहीत वेळेसकट लिही. सोबत रायबोन्यूक्लिएझ बी चालव, ते स्वस्त आहे आणि त्याचा बँड दोन्ही नळ्यांत खाली यायलाच हवा. नाही आला, तर तुझ्या प्रथिनाबद्दल काही बोलायच्या आधी ती नळी परत लाव.